१९८३ सालचं कुलूप



१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने 'विंडोज १०'ची नेहमीची देखभाल थांबवली. तेव्हापासून भारतातले मित्र आणि नातेवाईक मला एकच प्रश्न निरनिराळ्या शब्दांत विचारताहेत. "लॅपटॉप ठणठणीत आहे, पण विंडोज ११ त्यावर चढत नाही म्हणे. लिनक्स टाकून बघू का? पण ती फुकट असते ना, मग चांगली कशी असेल?"

लिनक्स कशी टाकायची हे सांगणारे लेख पुष्कळ आहेत, त्यात मी भर घालत नाही. मला रस आहे तो त्या शेवटच्या वाक्यात. विकत घ्यायची, कुलूपबंद प्रणाली हीच जगाची मूळ रीत, आणि लिनक्स वगैरे म्हणजे काही भल्या माणसांनी मागाहून उघडलेलं अन्नछत्र, असं आपण धरून चालतो. इतिहास नेमका उलटा आहे. आधी बरंचसं उघडंच होतं. कुलूप नंतर लागलं, आणि ते कधी आणि कशामुळे लागलं हे बऱ्यापैकी नेमकं सांगता येतं. लावणाऱ्यांत इंजिनियर कमी आणि वकील जास्त होते.

भाजणी आणि तिचं प्रमाण

ज्यांचा या विषयाशी रोजचा संबंध नाही त्यांच्यासाठी आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. प्रोग्रॅमची दोन रूपं असतात. एक, माणसाने लिहिलेलं आणि माणसाला वाचता येणारं, म्हणजे सोर्स कोड. दुसरं, त्यावरून तयार केलेलं आणि फक्त यंत्राला कळणारं. दुकानातून चकलीच्या भाजणीचं पीठ आणावं तसं हे दुसरं रूप. चकल्या तळता येतात, पण चकली मऊ पडली तर काय कमी पडलं ते पिठाकडे बघून कळत नाही. त्यासाठी कुठलं धान्य किती घेतलं आणि किती भाजलं याचं प्रमाण हातात लागतं. ते प्रमाण म्हणजे सोर्स कोड.

१९५०च्या दशकात संगणक म्हणजे खोलीभर यंत्र. आयबीएम ते बहुतेक वेळा भाड्याने देई आणि सोबतचे प्रोग्रॅम वेगळी किंमत न लावता येत, पुष्कळदा सोर्स कोडसकट. गिऱ्हाइकं त्यात आपल्या सोयीप्रमाणे बदल करत आणि ते एकमेकांना देत. या देवाणघेवाणीसाठी आयबीएमच्या गिऱ्हाइकांनी १९५५ साली 'शेअर' नावाची संघटनाच काढली. यात कुणी स्वतःला उदार वगैरे समजत नव्हतं. पैसा यंत्रात होता, प्रोग्रॅम म्हणजे यंत्राबरोबर येणारी पुस्तिका.

जानेवारी १९६९ मध्ये अमेरिकन सरकारने आयबीएमवर मक्तेदारीविरोधी खटला भरला. त्याच वर्षीच्या जूनमध्ये आयबीएमने बऱ्याच प्रोग्रॅमची किंमत यंत्रापासून वेगळी केल्याचं जाहीर केलं. खटल्याचं सावट हे त्यामागचं एक मोठं कारण मानलं जातं. प्रोग्रॅम ही वेगळी विकायची वस्तू ठरली, ती अशी.

विकायची बंदी असलेली कंपनी

मी राहतो त्या न्यू जर्सी राज्यात मरे हिल नावाचं गाव आहे. तिथे एटी अँड टी या टेलिफोन कंपनीची बेल प्रयोगशाळा. १९६९ साली तिथल्या केन थॉम्पसन आणि डेनिस रिची या दोघांनी एका वापरात नसलेल्या पीडीपी-७ यंत्रावर एक छोटी ऑपरेटिंग सिस्टिम लिहायला घेतली. तीच युनिक्स. १९७३ मध्ये ती रिची यांच्याच 'सी' भाषेत नव्याने लिहिली गेली, त्यामुळे ती वेगवेगळ्या कंपन्यांच्या यंत्रांवर नेणं शक्य झालं. १९७४ साली तिच्यावरचा लेख छापून आला आणि जगभरच्या विद्यापीठांतून मागणी सुरू झाली.

आता गंमत बघा. एटी अँड टीला ती विकायला हवी होती, पण विकता येत नव्हती. या कंपनीवरही १९४९ साली मक्तेदारीविरोधी खटला झाला होता आणि १९५६ साली तडजोड झाली होती. टेलिफोनखेरीज दुसऱ्या धंद्यात पडायचं नाही, ही त्यातली अट. त्यामुळे कंपनीने युनिक्स विद्यापीठांना नाममात्र रकमेत, सोर्स कोडसकट आणि 'जशी आहे तशी' दिली. देखभाल नाही, दुरुस्ती नाही, फोन करू नका! परिणाम असा झाला की वापरणारेच कोड वाचायला आणि दुरुस्त करायला शिकले. दुसरा इलाजच नव्हता.

ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठाचे जॉन लायन्स यांनी तर युनिक्सच्या सहाव्या आवृत्तीचा गाभा, सुमारे नऊ हजार ओळी, विद्यार्थ्यांसाठी छापून त्यावर ओळीनुरूप टीका लिहिली. आपल्याकडे ज्ञानेश्वरीवर सार्थ आवृत्त्या निघतात ना, जवळपास तसाच प्रकार. एक अख्खी, खरीखुरी, रोज वापरातली ऑपरेटिंग सिस्टिम एका सत्रात वाचून संपवता येत होती.

मग १९७९ साली सातवी आवृत्ती आली. युनिक्सला बाजारभाव आहे हे तोवर कंपनीच्या ध्यानात आलं होतं. नव्या परवान्यात वर्गात सोर्स कोड शिकवायला मनाई आली. लायन्स यांचं पुस्तक पुढची अनेक वर्षं झेरॉक्सच्या झेरॉक्सवर जगलं आणि उघडपणे छापून यायला १९९६ साल उजाडावं लागलं. इंजिनियरिंगच्या होस्टेलात राहिलेल्या वाचकांना झेरॉक्सच्या पुस्तकांबद्दल मी वेगळं काय सांगणार :-)

एकाच वर्षात चार गोष्टी

१९८२ साली अमेरिकन सरकार आणि एटी अँड टी यांच्यात नवा समझोता झाला. कंपनीने स्थानिक टेलिफोनचा धंदा सोडायचा, आणि बदल्यात बाकीच्या धंद्यांवरची बंदी उठायची. प्रत्यक्ष वाटणी १ जानेवारी १९८४ ला झाली, पण वारं आधीच फिरलं होतं. म्हणून मी १९८३ हे साल कुलपाचं साल मानतो. क्रमाने बघा.

जानेवारी १९८३ : एटी अँड टीने 'सिस्टिम फाइव्ह' ही युनिक्सची व्यापारी आवृत्ती जाहीर केली.

फेब्रुवारी १९८३ : आयबीएमने यापुढे गिऱ्हाइकांना सोर्स कोड न देता फक्त यंत्राला कळणारं रूप देण्याचं धोरण जाहीर केलं. 'शेअर'च्या सभासदांनी बरीच आदळआपट केली, उपयोग झाला नाही.

ऑगस्ट १९८३ : ॲपल विरुद्ध फ्रँकलिन खटल्याचा निकाल लागला. फ्रँकलिन कंपनीने ॲपलची ऑपरेटिंग सिस्टिम सरळ उतरवून आपल्या यंत्रात घातली होती. तिचा बचाव असा, की फक्त यंत्राने वाचायच्या गोष्टीला कॉपीराइट कसला? अमेरिकेच्या संसदेने १९८० साली कॉपीराइट कायद्यात संगणक प्रोग्रॅमची व्याख्या घातली होतीच. अपील न्यायालयाने स्पष्ट केलं की यंत्राला कळणाऱ्या रूपालाही कॉपीराइट आहे आणि ऑपरेटिंग सिस्टिमही त्याला अपवाद नाही. म्हणजे प्रमाण कपाटात ठेवून नुसतं पीठ विकलं, तरी पिठाला कायद्याचं पूर्ण संरक्षण. एकही ओळ न दाखवता विकणं आता बिनधोक झालं.

आणि २७ सप्टेंबर १९८३ : एमआयटीतल्या रिचर्ड स्टॉलमन यांनी 'जीएनयू' हा प्रकल्प जाहीर केला. युनिक्ससारखीच, पण संपूर्णपणे मुक्त अशी प्रणाली लिहायची, ही प्रतिज्ञा.

स्टॉलमन यांचा राग एका छपाईयंत्रापासून सुरू झाला, हे ते स्वतःच सांगतात. प्रयोगशाळेतल्या लेझर प्रिंटरमध्ये कागद अडकला की सर्वांना कळवण्याची सोय त्यांना करायची होती. आधीच्या यंत्रावर त्यांनी ती केलेलीही होती. नव्या यंत्राचा सोर्स कोड मात्र मिळेना, कारण ज्याच्याकडे तो होता त्याने कुणाला न देण्याच्या करारावर सही केली होती. किल्ली चोरायची किंवा कुलूप फोडायचं असा मार्ग त्यांनी घेतला नाही. त्यांनी कॉपीराइटचाच कायदा उलटा वापरला. त्यांचा 'जीपीएल' परवाना (पहिली आवृत्ती १९८९, दुसरी १९९१) सांगतो : हा कोड माझ्या मालकीचा आहे, आणि मालक या नात्याने माझी अट अशी, की तुम्ही तो वापरा, बदला, विकासुद्धा, मात्र पुढे ज्याला द्याल त्याला सोर्स कोड आणि हेच सगळे हक्क द्यावे लागतील.

'विकासुद्धा' हा शब्द पुन्हा वाचा. स्टॉलमन स्वतः त्यांचा 'ईमॅक्स' हा संपादक टेपवर भरून १५० डॉलरला विकत. तेव्हा 'मुक्त' आणि 'व्यापारी' हे विरुद्धार्थी शब्द नाहीत. मुक्तच्या विरुद्ध कुलूपबंद. हा घोळ डोक्यातून गेला की निम्मे वाद आपोआप मिटतात.

अठरा हजारांत तीन

मग आज सगळीकडे लिनक्स का? कोड सर्वांत चांगला म्हणून? इथेही वकीलच आडवे येतात.

कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात १९७०च्या दशकापासून युनिक्सवर काम चाललं होतं. त्यांची आवृत्ती बीएसडी. इंटरनेटचे नियम पाळणारा टीसीपी/आयपीचा कोड असलेली '४.२ बीएसडी' अमेरिकन संरक्षण खात्याच्या पैशावर तयार झाली आणि १९८३ मध्ये बाहेर पडली. पण तिच्यात एटी अँड टीचा कोड मिसळलेला, म्हणून घेणाऱ्याला आधी एटी अँड टीचा परवाना लागे, आणि त्याची किंमत वर्षागणिक चढत होती. तेव्हा बर्कलीकरांनी मूळ कोड टप्प्याटप्प्याने बाजूला काढून स्वतः लिहायला घेतला. जगभरच्या स्वयंसेवकांनी एकेक उपकरण वाटून घेतलं. जून १९९१ मध्ये त्यांनी 'नेटवर्किंग रिलीज २' प्रसिद्ध केलं, तेव्हा पूर्ण प्रणाली व्हायला गाभ्यातल्या फक्त सहा फायली कमी होत्या. बिल जोलिट्झ यांनी त्याही लिहिल्या आणि साध्या घरगुती पीसीवर चालणारी '३८६ बीएसडी' १९९२ मध्ये फुकट उपलब्ध झाली. बीएसडीआय नावाच्या कंपनीनेही अशीच प्रणाली सोर्स कोडसकट ९९५ डॉलरला विकायला काढली.

१९९२ मध्ये एटी अँड टीच्या युनिक्स कंपनीने बीएसडीआयवर दावा ठोकला, पुढे विद्यापीठालाही त्यात ओढलं. विद्यापीठाने उलट दावा केला, की आमचा कोड तुम्ही सिस्टिम फाइव्हमध्ये घातलात आणि आमचं नावही ठेवलं नाहीत! मधल्या काळात ती युनिक्स कंपनी नॉव्हेलने विकत घेतली आणि १९९४ च्या सुरुवातीला तडजोड झाली. निष्पन्न काय झालं? सुमारे अठरा हजार फायलींपैकी तीन काढायच्या, आणि सत्तरेक फायलींवर युनिक्स कंपनीच्या कॉपीराइटची सूचना घालायची. बस्स. एवढ्यासाठी बीएसडीची जवळजवळ दोन वर्षं गेली, आणि तीही नेमकी कुठली, तर पीसी स्वस्त होऊन घरोघर पोहोचू लागले ती. कोर्टात अडकलेल्या जमिनीवर घर कोण बांधणार?

तेवढ्या अवधीत तिकडे हेलसिंकीत दुसरंच काही घडत होतं. वर्गात युनिक्स शिकवायला मनाई झाल्यावर ॲमस्टरडॅमच्या अँड्र्यू टॅनेनबॉम यांनी शिकवण्यासाठी 'मिनिक्स' नावाची छोटी प्रणाली १९८७ मध्ये लिहिली होती. तिचा कोड पुस्तकाबरोबर वाचायला मिळे, पण बदल करून वाटायला परवानगी नव्हती. ती वापरणाऱ्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने २५ ऑगस्ट १९९१ ला मिनिक्सच्या मंडळींना कळवलं की आपण छंद म्हणून एक प्रणाली लिहीत आहोत. पहिल्या परवान्यात त्याने पैसे घेऊन वाटायला बंदी घातली होती. १९९२ च्या सुरुवातीला त्याने ती उठवून जीपीएल स्वीकारला. मला हा लिनक्सच्या इतिहासातला सर्वांत मोठा निर्णय वाटतो. स्टॉलमन यांच्याकडे गाभा सोडून जवळपास सगळं तयार होतं, टोरवाल्ड्सकडे फक्त गाभा. एकाच परवान्याखाली दोन्ही निर्धास्तपणे एकत्र आले. पुढे एका मुलाखतीत टोरवाल्ड्सने म्हटलं आहे की तेव्हा ३८६ बीएसडी उपलब्ध असती, तर लिनक्स बहुधा झालीच नसती.

बीएसडी संपली मात्र नाही. तिचा परवाना फार सैल, घ्या आणि हवं तर कुलूप लावून विका. ॲपलची २००१ पासूनची मॅक प्रणाली तिच्याच मोठ्या अंशावर उभी आहे. आयफोन वापरणारे कित्येक वाचक न कळत बर्कलीच्या स्वयंसेवकांचं देणं लागतात.

मग पैसे कुठून येतात?

हा प्रश्न भारतात हमखास विचारला जातो आणि तो रास्तच आहे. आयबीएमने २००१ साठी लिनक्सवर शंभर कोटी डॉलर खर्चण्याचं जाहीर केलं, ते पुण्य म्हणून नव्हे. त्यांना यंत्रं आणि सेवा विकायच्या होत्या. म्हणजे फिरून १९५५ च्या हिशेबावरच आले. २०१९ मध्ये त्यांनी रेड हॅट ही लिनक्सची कंपनी ३४०० कोटी डॉलरना घेतली. २००१ साली मायक्रोसॉफ्टच्या प्रमुखांनी लिनक्सला जाहीरपणे कर्करोगाची उपमा दिली होती. तीच कंपनी २०१६ मध्ये लिनक्स फाउंडेशनची सभासद झाली. नोव्हेंबर २०१७ पासून जगातल्या पहिल्या पाचशे महासंगणकांच्या यादीतला प्रत्येक महासंगणक लिनक्सवर चालतो.

पण मुक्त बाजूलाही सगळं आलबेल नाही. २०२३ मध्ये रेड हॅटने आपल्या मुख्य प्रणालीचा सोर्स कोड सर्वांसाठी खुला ठेवणं थांबवून तो गिऱ्हाइकांपुरता आणला. मार्च २०२४ मध्ये 'एक्सझेड' या लहानशा पण सगळीकडे वापरल्या जाणाऱ्या प्रोग्रॅममध्ये कुणीतरी चोरदरवाजा घातल्याचं उघड झालं. तो प्रोग्रॅम वर्षानुवर्षं जवळजवळ एकटा माणूस बिनपगारी सांभाळत होता, आणि मदतीच्या मिषाने आलेल्याने त्याचाच विश्वास मिळवला होता. चोरी पकडली आंद्रेस फ्रॉइंड यांनी. दूरच्या यंत्रात प्रवेश करायला अर्धा सेकंद जास्त लागतोय, एवढ्यावरून ते माग काढत गेले, आणि कोड उघडा असल्यामुळे शेवटपर्यंत जाऊ शकले. हे गृहस्थ नोकरीला कुठे? मायक्रोसॉफ्टमध्ये!

व्यापारी बाजूचं श्रेयही द्यायला हवं. पडद्यावर मराठी सहज दिसू लागली ती विंडोज २००० पासून, 'मंगल' या फाँटमुळे, आणि तो मायक्रोसॉफ्टसाठी घडवला आपल्या र. कृ. जोशींनी. मागून 'लोहित' हे मुक्त फाँट रेड हॅटकडून आले. मंगल आधी आला आणि लाखो लोकांपर्यंत पोहोचला. लोहितमध्ये एखादं जोडाक्षर चुकलं तर ते दुरुस्त करून पुन्हा वाटण्याचा हक्क तुम्हाआम्हाला आहे. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

तेव्हा कुठली घ्यावी?

मला नोकरीत दोन्ही प्रकारच्या प्रणालींवर काम करावं लागतं आणि दोन्हींच्या नावाने मी बोटं मोडतो. ज्यांचा हिशेबाचा प्रोग्रॅम फक्त विंडोजवर चालतो, त्यांनी तत्त्वासाठी उपाशी राहू नये. 'चांगली कुठली' या प्रश्नाला कायमचं उत्तर नाही, दर पाच वर्षांनी ते बदलतं. माझ्या मते विचारायचा प्रश्न वेगळा आहे : हे यंत्र कधी मोडीत काढायचं, हे कोण ठरवणार?

विंडोज १० चालवणारा लॅपटॉप बिघडलेला नाही. त्याची तारीख दुसऱ्याने ठरवली, आणि सोर्स कोड बंद असल्यामुळे तिसरा कुणी पुढे येऊन ती देखभाल चालू ठेवू शकत नाही. लिनक्समध्येही एखादी आवृत्ती बंद पडते, पण तिथे दुसऱ्याला ती उचलायची मोकळीक असते, आणि पुष्कळदा कुणी ना कुणी उचलतंही. जुना लॅपटॉप चालता राहण्याची आशा आहे ती एवढ्यावरच.

आणि आपल्या खिशातला फोन? अँड्रॉइडच्या तळाशी लिनक्सच आहे, जीपीएलवाली. तरीही चार-पाच वर्षांत नवे बदल येणं थांबतं आणि चांगला फोन खणात जाऊन पडतो. कारण गाभ्याचा सोर्स कोड मिळाला, तरी सुटे भाग चालवणारे प्रोग्रॅम बंद असतात आणि बऱ्याच फोनचा बूटलोडरही कंपनीने कुलूपबंद केलेला असतो. १९८३ चं कुलूप सोर्स कोडला होतं. आताचं कुलूप यंत्रालाच आहे, आणि ते उघडणारा परवाना अजून कुणी लिहिलेला नाही. जीपीएलच्या २००७ सालच्या तिसऱ्या आवृत्तीत तसा प्रयत्न झाला. टोरवाल्ड्सने ती आवृत्ती लिनक्सच्या गाभ्याला लावायचं नाकारलं.

तेव्हा पुढच्या वेळी फोन घ्यायला दुकानात जाल, तेव्हा कॅमेरा किती मेगापिक्सेलचा हे विचारून झाल्यावर आणखी एक विचारा : याला किती वर्षं अपडेट मिळणार, आणि त्यानंतर मला माझी प्रणाली यात घालता येईल का? दुकानदार बहुधा तुमच्याकडे विचित्र नजरेने बघेल. बघू द्या. प्रिंटरचा कोड मागणाऱ्या माणसाकडेही लोक तसेच बघत होते.